अनेक हातांनी शिकवायचा विषय

२००४ सालच्या मे महिन्यात इंटेलनं आपला ‘तेजस’ हा आगामी प्रोसेसर बाजारात न आणण्याचं जाहीर केलं. बातमीचा फारसा गाजावाजा झाला नाही. एक चिप रद्द झाली, एवढंच बहुतेकांना दिसलं. पण संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांचा सगळा अभ्यासक्रम ज्या गृहीतकावर उभा होता, ते गृहीतकच त्या निर्णयासोबत निकालात निघालं. तोवर दर दीड-दोन वर्षांनी नवा प्रोसेसर यायचा, त्याच्या घड्याळाचा वेग वाढलेला असायचा आणि जुना प्रोग्राम एक अक्षरही न बदलता आपोआप जोरात धावायचा. पेंटियम फोरनं ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली आणि घोडं तिथेच अडलं. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण त्यांना लागणारा व्होल्टेज आता त्या प्रमाणात खाली येत नव्हता. वेग वाढवावा, तर चिप इतकी तापायची की ती थंड ठेवणं परवडेना. मग वाढीव ट्रान्झिस्टर एकाच चिपवर दोन प्रोसेसर बसवायला वापरले जाऊ लागले. आयबीएमनं पॉवर-४ मध्ये हे २००१ सालीच केलं होतं. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांचे दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरच्या टेबलांवर आले.

आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बहुधा आठ कोअर असतात. तोच विद्यार्थी पहिल्या वर्षी सी किंवा पायथनमध्ये जो प्रोग्राम लिहितो, तो मात्र एकाच कोअरवर चालतो. बाकीच्यांना काम द्यायचं, तर प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ते वाटून दिलं पाहिजे. कंपाइलर थोडाफार हातभार लावतो, पण कामाचे तुकडे कुठे पाडायचे, कोणते तुकडे एकमेकांवर अवलंबून आहेत आणि शेवटी उत्तरं कशी जुळवायची, हे माणसालाच ठरवावं लागतं. या विद्येला पॅरलल प्रोग्रामिंग म्हणतात. ती पदवीच्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला कशी शिकवायची, हे शोधण्यासाठी निरनिराळ्या विद्यापीठांतले प्राध्यापक २०१० च्या सुमारापासून एकत्र येऊन काम करत आहेत. त्या कामाची ओळख मराठी वाचकाला, विशेषतः आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांतल्या शिक्षकाला व्हावी, म्हणून हे पुस्तक.

विषय नेमका कुठे अवघड आहे, हे एका छोट्या प्रोग्रामवरून आधी सांगतो. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्विन विद्यापीठात शिकवणारे जोएल ॲडम्स यांनी ‘पॅटर्नलेट’ या नावानं चिमुकल्या प्रोग्रामांचा एक संच तयार केला. त्यातल्या एकात बँकेचं खातं आहे. सुरुवातीची शिल्लक शून्य. एक लूप दहा लाख वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीला खात्यात एक डॉलर जमा करतो. शेवटी शिल्लक छापली जाते. विद्यार्थी प्रोग्राम चालवतात, दहा लाख हे उत्तर येतं, कोणाला काही विशेष वाटत नाही. लूपच्या डोक्यावर ओपन-एमपीची, म्हणजे काम वाटून द्यायला कंपाइलरला सांगणारी, एक ओळ कॉमेंट करून ठेवलेली असते. शिक्षक सांगतात, कॉमेंट काढा, पुन्हा कंपाइल करा, चालवा. आता त्याच दहा लाख फेऱ्या चार थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार वाटा, आपसांत वाटून घेतात, आणि शिल्लक दहा लाखांपेक्षा कमी येते. पुन्हा चालवलं की आणखी वेगळा आकडा. शेजारच्याच्या संगणकावर तिसराच.

वर्गात या वेळी काय होतं ते पाहण्यासारखं असतं. मुलं आधी आपल्या टाइपिंगमध्ये चूक शोधतात. मग एकमेकांचे आकडे विचारतात. चार ओळींचा लूप पुन्हा पुन्हा वाचला तरी त्यात खोट सापडत नाही, कारण एकेका थ्रेडच्या बाजूनं पाहिलं तर तो बिनचूकच आहे. मग शिक्षक फळ्यावर ‘शिल्लक = शिल्लक + १’ ही एक ओळ लिहून तिच्या तीन पायऱ्या करतात : मेमरीतून शिल्लक वाचणं, तिच्यात एक मिळवणं, बेरीज मेमरीत परत लिहिणं. पहिल्या थ्रेडनं ५०० वाचले. त्यानं ५०१ लिहिण्याआधीच दुसऱ्यानंही ५०० वाचले. दोघांनीही ५०१ लिहिले. जमा दोन झाल्या, शिल्लक एकानंच वाढली. हे कधी आणि किती वेळा घडेल, ते त्या क्षणी संगणकावर आणखी काय काय चाललं आहे यावर ठरतं. म्हणून दर वेळी आकडा निराळा.

इथे विद्यार्थ्याची एक जुनी समजूत मोडते. त्याच प्रोग्रामला तोच इनपुट दिला की तेच उत्तर येणार, हे त्यानं पहिल्या दिवसापासून धरून ठेवलेलं असतं. आजवरचं सगळं टेस्टिंग, सगळं डिबगिंग त्याच भरवशावर चाललेलं असतं. पॅरलल प्रोग्रामिंगची खरी अवघड जागा ही आहे. ओपन-एमपीचं व्याकरण आठवड्याभरात येतं, भरवसा बदलायला वेळ लागतो. आणि हा धडा पुस्तकातली व्याख्या वाचून होत नाही. डोळ्यांसमोर पैसे गायब व्हावे लागतात.

पॅटर्नलेट तिथेच सोडून देत नाही. पुढची ओळ उघडायची : बेरजेची ती कृती ‘क्रिटिकल’ म्हणून घोषित करायची, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड तिथे शिरेल. आता शिल्लक बरोबर येते, पण वेळ पाहावा तर एका थ्रेडवर लागत होता त्याहूनही जास्त. क्रिटिकलच्या जागी ‘ॲटॉमिक’ घातलं की काम बरंच सुधारतं. शेवटी ‘रिडक्शन’ : प्रत्येक थ्रेड आपली बेरीज स्वतःजवळ ठेवतो आणि अखेरीस चारच आकडे एकत्र केले जातात. उत्तर बरोबर, वेळही कमी. बरोबर उत्तर आणि वेग या दोन गोष्टी परस्परांशी कशा भांडतात आणि त्यांची तडजोड कशी करायची, हे सारं एका तासिकेत, एका पानाच्या प्रोग्राममध्ये मावतं. शिकवण्याच्या साहित्याचा इतका नेटका नमुना मी फार कमी पाहिला आहे.

बँकेच्या खात्यातल्या त्या चुकीला रेस कंडिशन म्हणतात, आणि वर्गाबाहेर तिनं घेतलेली किंमत मोठी आहे. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रानं अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाच्या कितीतरी पट मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. एक कारण असं होतं की ऑपरेटरनं पडद्यावरची नोंद झटकन दुरुस्त केली, तर यंत्राच्या दोन कामांचा आपसांतला मेळ चुकायचा. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून हे घडतच नसे, त्यामुळे चूक पकडायला अतोनात वेळ गेला. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओत वीज गेली आणि सुमारे पाच कोटी माणसं अंधारात बसली. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका रेस कंडिशनमुळे मुकी झाली होती, आणि तारा एकामागून एक बंद पडत असताना ऑपरेटरांना त्याचा पत्ता नव्हता. बँकेचं खोटं खातं वर्गात दाखवताना ही दोन उदाहरणं शिक्षकाच्या हाताशी असावीत, असा माझा आग्रह आहे.

विषय तसा जुनाच. एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी सामायिक जागा आळीपाळीनं कशी वापरावी, याचं उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये दिलं. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी मर्यादा सांगितली : कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग दहापटीच्या पुढे जाणार नाही, आणि आठ कोअरवर तो पाचपटीच्याही आतच राहील. वीसेक वर्षांनी जॉन गुस्टाफसन यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. मोठं यंत्र मिळालं की माणूस मोठा प्रश्न हाती घेतो, आणि मोठ्या प्रश्नात वाटून देण्याजोगा भाग वाढलेला असतो.

पण हे ज्ञान होतं कुणापाशी? हवामान, अणुशास्त्र, विमानरचना अशा क्षेत्रांत मोठी यंत्रं वापरणाऱ्या मोजक्या मंडळींपाशी. आपल्या पुण्यानं हे जवळून पाहिलं आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. अनेक ट्रान्सप्यूटर एकमेकांना जोडून बनवलेलं ते समांतर यंत्र होतं. त्याचा अभिमान महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांपर्यंत पोचला. त्यावर प्रोग्राम कसा लिहायचा, हे मात्र पदवीच्या वर्गापर्यंत पोचलं नाही, आणि त्या काळी पोचण्याची गरजही नव्हती. समांतर यंत्र देशात मोजक्याच ठिकाणी असायचं. २००५ नंतर ते प्रत्येक प्रयोगशाळेत, प्रत्येक बाकावर आलं आणि गरज एकदम उभी राहिली. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतः हा विषय विद्यार्थी म्हणून कधी शिकलेले नव्हते.

अशा वेळी विद्यापीठांची नेहमीची पद्धत म्हणजे शेवटच्या वर्षात एक नवा ऐच्छिक विषय घालणं. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजातले डिक ब्राऊन आणि सेंट पॉलच्या मॅकॅलेस्टर कॉलेजातल्या लिबी शूप यांना ती वाट बंदच होती. दोन्ही कॉलेजं छोटी, संगणकशास्त्राचे विभाग त्याहून छोटे. नव्या विषयासाठी माणूस नाही, वेळापत्रकात जागा नाही, आणि जुन्या विषयातलं काही गाळावं तर त्यावर एकमत नाही. त्यांनी प्रश्नच उलटा केला. नवा विषय नको, आहे त्या विषयात एक ते तीन तासिकांत बसेल एवढा तुकडा द्या. डेटा स्ट्रक्चर शिकवणाऱ्यानं त्याच्या तासाला एक तुकडा घ्यावा, ऑपरेटिंग सिस्टिमवालीनं तिच्या तासाला दुसरा. तुकडा स्वतंत्र असावा, त्यासोबत चालणारा प्रोग्राम, विद्यार्थ्यांसाठी सराव आणि शिक्षकासाठी टिपण असावं. जोएल ॲडम्सही त्यांना येऊन मिळाले, आणि ‘सीएस-इन-पॅरलल’ या नावानं हा संसार वाढत गेला.

मला या कल्पनेचं मोल फार वाटतं. अभ्यासक्रम बदलण्यासाठी मंडळ, समिती, ठराव लागतात. एक तासिका बदलायला एक शिक्षक पुरतो. आणि पॅरलल प्रोग्रामिंग हा विषय एकाच वेळी, एकाच सत्रात पचणारा नाही. तो पहिल्या वर्षी बँकेच्या खात्यातून दिसावा, दुसऱ्या वर्षी सॉर्टिंगच्या वेळी पुन्हा भेटावा, तिसऱ्या वर्षी डेटाबेसच्या व्यवहारांत ओळखीचा वाटावा, तेव्हा कुठे तो अंगवळणी पडतो. शेवटच्या वर्षात एकदम सगळा वाढला की विद्यार्थी परीक्षेपुरता गिळतो आणि एकरेषीय विचाराची चार वर्षांची सवय घेऊन नोकरीला लागतो.

याच सुमाराला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पाठबळावर आणि आयईईईच्या पॅरलल प्रोसेसिंगविषयक तांत्रिक समितीच्या पुढाकारानं दुसरं काम सुरू झालं. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे सुशील प्रसाद यांनी वीसेक जाणकारांना एकत्र बसवलं. मेरीलँडचे ॲलन ससमन, मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स वीम्स, आयबीएमचे अंशुल गुप्ता त्यांत होते. पुण्यात जन्मलेले सरताज सहानी होते, आणि मुंबई विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेलेले मनीष पराशरही. संगणकशास्त्राचा पदवीधर बाहेर पडताना त्याला या विषयातलं किमान काय यावं, याची यादी त्यांनी केली. डिसेंबर २०१० मध्ये मसुदा निघाला, २०१२ मध्ये पहिली आवृत्ती. यादीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे तो कोणत्या प्रचलित विषयात शिकवता येईल ते दिलं होतं, आणि किती खोल जायचं तेही : नुसती ओळख, नीट समज, की स्वतः वापरता येणं.

अशा याद्या कपाटात पडून राहतात, हा सगळ्यांचाच अनुभव. ही राहिली नाही, याचं श्रेय मी पुढच्या पायरीला देतो. मसुदा निघताच त्यांनी कॉलेजांना आवाहन केलं की यातलं काहीतरी आपल्या वर्गात करून पाहा, त्यासाठी थोडी मदत घ्या, आणि काय झालं ते येऊन सांगा. सांगण्यासाठी २०११ पासून एडुपार ही कार्यशाळा सुरू झाली, पुढे सुपरकॉम्प्युटिंगच्या मोठ्या वार्षिक परिषदेत तिचंच भावंड म्हणावं अशी एडुएचपीसी. तिथे शिक्षक उभं राहून सांगतात की हा मुद्दा मी दुसऱ्या वर्षाला शिकवला, इतका वेळ लागला, इथे मुलं अडली, हे उदाहरण फसलं. संशोधनाच्या परिषदांत फसलेल्या प्रयोगाला व्यासपीठ मिळत नाही. शिकवण्याच्या परिषदेत ते मिळालंच पाहिजे, कारण पुढच्याला त्याचाच उपयोग जास्त. २०१३ च्या एसीएम-आयईईई अभ्यासक्रम-मार्गदर्शिकेत पॅरलल आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगला प्रथमच स्वतंत्र ज्ञानशाखेचं स्थान मिळालं, आणि संगणकशास्त्राच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या एबेटनंही या विषयाची ओळख आवश्यक ठरवली, तोवर वर्गातला अनुभव बराच साठलेला होता.

सगळ्यांचं एकमत होतं, असं मात्र कोणी समजू नये. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॅन ग्रॉसमन यांनी दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चरच्या विषयात तीनेक आठवड्यांची जागा काढली, टिपणं लिहिली आणि कोणालाही वापरायला मोकळी केली. काम लवकर व्हावं म्हणून ते वाटणं ही एक गोष्ट, आणि अनेकांनी एकच वस्तू वापरताना गोंधळ होऊ नये हे पाहणं ही दुसरी, या दोहोंची गल्लत करू नका, हा त्यांचा आग्रह. कार्नेगी मेलनमध्ये गाय ब्लेलॉक त्याहून पुढे गेले. त्यांच्या मते एकरेषीय विचार आधी आणि समांतर नंतर हा क्रमच चुकीचा. तिथल्या डेटा स्ट्रक्चरच्या विषयात अल्गोरिदम पहिल्यापासून समांतरच शिकवले जातात. एकूण काम किती, आणि प्रोसेसर हवे तेवढे असले तरी टाळता न येणारी सर्वांत लांब साखळी किती, या दोन मापांनी ते मोजले जातात. लाखभर आकड्यांची बेरीज करायला काम लाखभर लागतं, पण जोड्या-जोड्यांनी केली तर साखळी सतराच पायऱ्यांची होते.

माझा कल ॲडम्स यांच्या पद्धतीकडे आहे. आपल्याकडची मुलं बारावीनंतर पहिल्यांदा लूप लिहितात. त्यांना आधी काहीतरी चालताना आणि बिघडताना दिसलं, तर सिद्धांताची भूक लागते. पण ब्लेलॉक यांचं काम आणि साखळी हे माप शिक्षकानं स्वतः आत्मसात केल्याखेरीज वर्गात जाऊ नये. ते नसेल तर ‘सर, वेग का वाढला नाही?’ या प्रश्नाला ‘ओव्हरहेड’ या एका शब्दापलीकडे उत्तर राहत नाही.

संगणकाशिवाय शिकवण्याचे प्रयोगही शिक्षकांच्या याच देवघेवीतून पसरले. पत्त्यांचा पिसलेला जोड एका विद्यार्थ्याला द्या, लावायला सांगा, घड्याळ लावा. मग दोघांना, मग चौघांना. दोघांना वेळ कमी लागतो. चौघांवर गेल्यावर दिसतं की प्रत्येकाचे तेरा पत्ते झटकन लागतात, पण लागलेल्या चार गड्ड्या एकत्र करताना तिघं हात बांधून उभे आहेत. आठ जणांना लावलं की टेबलाभोवती गर्दीच होते. ॲमडालचा नियम इथे कुणी सूत्र न लिहिता कळतो. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत शिकवणाऱ्या सुझॅन मॅथ्यूज यांनी अशा खेळांचा संग्रह करून तो खुला केला. चांगल्या गृहपाठांसाठीही असाच उपक्रम निघाला. त्यात निवड होण्यासाठी अट अशी की गृहपाठ वर्गात प्रत्यक्ष वापरलेला हवा, दुसऱ्या शिक्षकाला उचलता यावा असा हवा, आणि मुलांना करावासा वाटेल असा हवा. जंगलातल्या वणव्याचं सिम्युलेशन हे असंच एक जुनं, आवडतं उदाहरण : आग झाडाकडून झाडाकडे जाण्याची शक्यता बदलत न्यायची, प्रत्येक शक्यतेसाठी शेकडो वेळा जंगल जाळायचं आणि सरासरी काढायची. प्रत्येक जंगल दुसऱ्यापासून स्वतंत्र असतं, त्यामुळे ते सुखानं वाटून देता येतं.

यंत्रांचा प्रश्नही शिक्षकांनीच सोडवला. जोएल ॲडम्स आणि त्यांचा विद्यार्थी टिम ब्रॉम यांनी २००७ मध्ये मायक्रोवुल्फ नावाचा छोटा क्लस्टर बांधला : चार मदरबोर्ड, आठ कोअर, अडीच हजार डॉलरच्या आत खर्च आणि २६.२५ गिगाफ्लॉप वेग. इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजचे चार्ली पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिटल-फी बनवला. तो विमानातून सामान म्हणून नेता यावा, इतक्याच वजनाचा ठेवला होता, म्हणजे कार्यशाळेला जाणारा शिक्षक क्लस्टर बरोबरच घेऊन जाणार. मग रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक आला. २०१५ पासून त्याच्या मुख्य मॉडेलांत चार कोअर असतात. २०२० च्या उन्हाळ्यात महामारीमुळे कार्यशाळा ऑनलाइन घ्यावी लागली, तेव्हा सीएस-इन-पॅरललच्या मंडळींनी सहभागी प्राध्यापकांच्या घरी रास्पबेरी पायचे संच टपालानं पाठवले.

आता आपल्याकडे वळू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग आहे. ओपन-एमपीवर बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट, रिडक्शननं किमान, कमाल, बेरीज आणि सरासरी, ग्राफिक्स प्रोसेसरसाठीच्या कुडावर व्हेक्टरची बेरीज आणि मॅट्रिक्सचा गुणाकार अशी प्रात्यक्षिकं आहेत. निवड चांगली आहे. मर्ज सॉर्टचं प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलाला दुसऱ्या वर्षीच पत्त्यांचा जोड भेटलेला असेल, तर हीच प्रात्यक्षिकं दुप्पट फळतील, आणि त्यासाठी अभ्यासक्रमात काहीही बदलावं लागत नाही. कार्यशाळांच्या बाबतीतही आपण दूर नाही. हाय-पीसी ही परिषद भारतात भरते, २०१२ मध्ये पुण्यात आणि २०१४ मध्ये गोव्यात भरली होती, आणि २०१८ पासून तिच्यासोबत एडु-हायपीसी ही शिक्षणविषयक कार्यशाळा होते. आपल्याकडच्या गावोगावच्या कॉलेजांतले शिक्षक तिथे जेवढे दिसायला हवेत तेवढे दिसत नाहीत. अनुभव त्यांच्याकडे भरपूर आहे. साठ मुलांच्या बॅचला तीस संगणक, त्यांतले काही जुने, वीज जाणार हे धरून चालायचं, आणि मुलांचा निम्मा विचार मराठीत चाललेला. अशा वर्गात काय चालतं आणि काय चालत नाही, हे मिनेसोटातून कुणी सांगू शकणार नाही.

म्हणून या पुस्तकातला प्रत्येक धडा एका शिक्षकानं लिहिला आहे आणि दुसऱ्या कॉलेजातल्या दुसऱ्या शिक्षकानं तो आपल्या वर्गात शिकवला आहे. त्या दुसऱ्या शिक्षकाचं टिपण धड्याच्या शेवटी, काटछाट न करता छापलं आहे. काही टिपणं मूळ धड्याशी उघड असहमत आहेत. ती तशीच ठेवली. वाचकानं धडा वाचण्याआधी टिपण वाचलं तरी चालेल.

त्या टिपणांत वारंवार आलेल्या दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्यांच्यापायी चांगला तास वाया जातो. पहिली वेळ मोजण्याची. सी मधलं ‘क्लॉक’ हे फंक्शन लिनक्सवर सगळ्या थ्रेडनी मिळून खाल्लेला प्रोसेसरचा वेळ सांगतं. चार थ्रेडनी प्रत्येकी एक सेकंद काम केलं, तर ते चार सेकंद दाखवतं, आणि वर्ग असा निष्कर्ष काढतो की पॅरलल केल्यानं काहीच फायदा झाला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ हवा, तो ओपन-एमपीच्या स्वतःच्या फंक्शननं घ्यावा. दुसरी गोष्ट ऑप्टिमायझेशनची. बँकेच्या खात्याचा प्रोग्राम वरच्या पातळीच्या ऑप्टिमायझेशननं कंपाइल केला, तर कंपाइलर लूपमधली शिल्लक रजिस्टरमध्ये ठेवून शेवटी एकदाच मेमरीत लिहू शकतो. मग चूक दर वेळी उमटेलच असं नाही, कधी उत्तर चक्क दहा लाख येतं, आणि शिक्षकाला जे दाखवायचं तेच दिसत नाही. पहिल्या खेपेला ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. मुलांना रेस कंडिशन समजली, की मग मुद्दाम चालू करा आणि विचारा की आता प्रोग्राम बरोबर झाला का.

उदाहरणं सी भाषेत आहेत. जीसीसी असलेल्या कुठल्याही लिनक्स संगणकावर ती चालतात, आणि रास्पबेरी पायवरही तपासून पाहिली आहेत. कंपाइल करताना ‘एफ-ओपन-एमपी’ हा पर्याय द्यावा लागतो. तो विसरला, तर कंपाइलर ओपन-एमपीच्या ओळी न वाचल्यासारख्या सोडून देतो, बँकेचा प्रोग्राम एकाच थ्रेडवर निमूट चालतो, शिल्लक दहा लाख येते आणि सगळ्या वर्गाला वाटतं की पॅरलल प्रोग्रामिंगमध्ये अवघड असं काही नाही. हे टाळण्यासाठी धड्यांचा क्रम बदलून बँकेचं खातं दुसऱ्या धड्यात नेलं आहे. पहिल्या धड्यातला प्रोग्राम आपण कितवा थ्रेड आहोत हे ओपन-एमपीच्या फंक्शनलाच विचारतो, त्यामुळे पर्याय दिला नसेल तर तो लिंकच होत नाही आणि तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच चूक हाती लागते.